न झालेल्या गोलांचा हिशेब

मुंबईचा राहुल भेके भारताच्या बचावफळीत खेळतो. फुटबॉल पाहणाऱ्या मराठी माणसाला त्याचं नाव विचारलं, तर बहुतेक दोन गोल आठवतात. पहिला १७ मार्च २०१९ चा, अंधेरीच्या मैदानावरचा. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, बेंगळुरू आणि गोवा बरोबरीत अडकलेले, जादा वेळही संपत आलेला. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर आला, भेके उडाला, डोक्याचा फटका थेट जाळ्यात. बेंगळुरू पहिल्यांदा विजेता झाला. दुसरा गोल ११ एप्रिल २०२२ चा, रियाधमधला. तेव्हा तो मुंबई सिटीकडून खेळत होता आणि समोर इराकचा एअर फोर्स क्लब होता. पुन्हा कॉर्नर, पुन्हा डोकं, २-१. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबनं जिंकलेला तो पहिला सामना.

ज्याचं सगळं काम समोरच्याला गोल करू न देण्याचं, त्याची ओळख त्यानं स्वतः केलेल्या गोलांवरून व्हावी, हे मला फार खुपतं. पुणतांब्याला मामांकडे गेले तेव्हा हाच विषय निघाला, पण वेगळ्या दारानं. मामांचा नातू आठवीत आहे आणि शाळेच्या संघात स्टॉपर, म्हणजे मागच्या फळीच्या मध्यात, खेळतो. त्याला पुण्यातल्या निवासी क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचणीला पाठवा, असं शाळेतल्या सरांनी सुचवलं. मी पुण्यात मुलामुलींना फुटबॉल शिकवते, म्हणून मामांनी मला बोलावून घेतलं. मामांची शेती उसाची आणि कांद्याची. तरुणपणी ते कबड्डीत डावा कोपरा धरायचे. त्यांचं म्हणणं आणि माझं म्हणणं शेवटपर्यंत एक झालं नाही. तरी त्यांच्या प्रश्नांनी माझ्या विषयाकडे मला पुन्हा पाहायला लावलं, म्हणून ते बोलणं इथे मांडते आहे.

मामा: पोरगं पुढं खेळत असतं, गोल मारत असतं, तर मी तुला एवढ्या लांबून बोलावलंच नसतं. हा मागं उभा राहतो. मॅच जिंकली की पोरं दुसऱ्यालाच खांद्यावर घेतात.

मी: मागं उभं राहायला त्याला कुणी लावलेलं नाही, मामा. सरांनी सांगितलं की तो स्वतःच मागं सरकला. त्याला तिथून खेळ दिसतो.

मामा: दिसत असेल. पण मोजणार कोण? कबड्डीत मी चढाईवाल्याचा घोटा धरून त्याला पाडला की पंचाचा हात वर जायचा. गुण आपला. आता तर तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड झाली की दोन गुण देतात. म्हणजे अडवणाऱ्याचं काम त्यांनी फळ्यावर लिहिलंय. तुमच्या फुटबॉलात यानं सगळा वेळ अडवलं तरी फळ्यावर काय? शून्य.

मी: शून्यच हवं. तेच त्याचं काम.

मामा: मग ते शून्य यानं केलं, का समोरच्यांना जमलं नाही म्हणून झालं, हे ठरवणार कोण?

मामांचा हा प्रश्न फुटबॉललाही नीट सोडवता आलेला नाही. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूसाठीचा बॅलन डी'ओर १९५६ पासून दिला जातो. तो आजवर तीनच बचावपटूंना मिळाला: बेकेनबाउअर यांना १९७२ आणि १९७६ मध्ये, सामर यांना १९९६ मध्ये आणि कन्नावारो यांना २००६ मध्ये. टॅकल, म्हणजे समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घेणं, मोजावेत, तर चांगल्या बचावपटूचे टॅकल कमीच भरतात, कारण चेंडू यायच्या आधी तो जागेवर पोचलेला असतो आणि पास देणारा ते बघून विचार बदलतो. तो न दिलेला पास कुठल्याच तक्त्यात येत नाही. कबड्डीनं अडवण्याला गुण दिला, हे त्या खेळाचं शहाणपण आहे असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी आम्ही शाळेच्या मैदानावर गेलो. मुलं दोन संघ करून खेळत होती. मामांना मी चेंडूकडे बघू नका म्हणाले, फक्त नातवाकडे बघा.

मी: आता तो पोरगा कडेनं पळत येतोय. बघा, हा त्याच्या अंगावर गेला नाही. अंग तिरकं केलं, एक पाय मागं घेतला. त्याला आत यायची वाट बंद केली आणि बाहेरची, रेषेकडची वाट उघडी ठेवली.

मामा: उघडी ठेवली म्हणजे सोडलाच ना?

मी: रेषेकडे जाऊन तो काय करणार? तिथून गोल दिसत नाही. शिवाय तो तिकडे वळला तेवढ्या वेळात आपली दोन पोरं मागं आली. यानं चेंडू घेतला नाही, वेळ घेतला. नवशिका स्टॉपर हटकून झेपावतो. झेपावला आणि चुकला की मागं मोकळं रान.

मामा: आणि हा मघापासून ओरडतोय काय सारखा?

मी: तेच तर त्याचं अर्धं काम. मागच्या चौघांनी एका ओळीत वर जायचं, एका ओळीत मागं यायचं. तिघं वर गेले आणि एक रेंगाळला, तर समोरचा फॉरवर्ड ऑफसाइड राहत नाही, त्याला आपल्या पाठीमागं चेंडू घेता येतो, सगळ्यांची मेहनत त्या एकापायी वाया जाते. म्हणून कुणीतरी बोलत राहावं लागतं. वर चला, थांबा, तुझ्या पाठीमागं माणूस आहे, सोड त्याला, माझा आहे. पुढे खेळणाऱ्यांना पाठीमागचं दिसत नाही. याला सगळं दिसतं, म्हणून यानं सांगायचं.

मामा: घरात तर याच्या तोंडातून शब्द निघत नाही. जेवायला ये म्हटलं तर मान हलवतो.

हे ऐकून मला झालेला आनंद मी लपवला नाही. अबोल मुलांना स्टॉपरच्या जागेवर आवाज फुटलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. वळवळ करणारी, कौतुकाला भुकेलेली मुलं तिथे टिकत नाहीत. ज्याला दुसऱ्यांची काळजी वाहणं जमतं, तो टिकतो. मामांना हे पटलं. पण पटलं म्हणून त्यांचा मुद्दा सुटला नाही.

मामा: बरं, काम अवघड आहे, डोक्याचं आहे, मान्य. पण नुसतं शून्य राखून कुणाचं भलं झालं? मला एखादी खरी मॅच सांग.

मी: ६ जून २०२४, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. भारत आणि कुवेत, वर्ल्ड कपची पात्रता फेरी. सुनील छेत्रीचा तेव्हा निरोपाचा म्हणून ठरलेला सामना. मध्यात भेके आणि अन्वर अली, डावीकडे पुण्यात वाढलेला जय गुप्ता. कुवेतला एकही गोल करू दिला नाही.

मामा: आणि आपण?

मी: आपणही केला नाही. ०-०.

मामा: मग पुढच्या फेरीत गेलो?

मी: नाही. पाच दिवसांनी कतारकडून २-१ हरलो आणि बाहेर पडलो.

मामा: हेच म्हणतोय मी. त्या रात्री लोक छेत्रीसाठी रडले असतील. मागच्या पोरांनी कुवेतला रोखलं, याचं कुणी नाव काढलं का?

नाव काढलं नव्हतं. मामांना मी १९६२ ची गोष्ट सांगितली, तीसुद्धा त्यांच्याच बाजूनं बोलली. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारतानं अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्णपदक जिंकलं. संघातला जर्नेल सिंग हा आशियातला नावाजलेला बचावपटू. स्पर्धेत त्याचं डोकं फुटलं, टाके पडले, म्हणून प्रशिक्षक रहीम यांनी त्याला पुढे, सेंटर फॉरवर्डला खेळवलं, आणि अंतिम सामन्यातला एक गोल त्यानंच केला. आज जर्नेलचं नाव निघालं की लोक टाके आणि तो गोल सांगतात. मागच्या फळीत तो खेळायचा कसा, हे सांगणारे जवळजवळ उरले नाहीत. भेकेचंही असंच होईल, ही माझी भीती आहे. त्याच्या कारकिर्दीचा गाभा त्या दोन हेडरमध्ये नाही. २०२३-२४ च्या हंगामात तो मुंबई सिटीचा कर्णधार होता. ४ मे २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच मैदानावर ३-१ हरवून मुंबईनं करंडक घेतला. हंगामभर तो संघ मागून बांधून ठेवण्याचं काम त्याचं होतं. लिहिणाऱ्यांनी ते लिहायला हवं होतं, मी त्यांत आले.

मामा: अजून एक सांगतो, राग मानू नकोस. पुढच्यानं पाच संधी घालवल्या आणि सहावी साधली तर तो हिरो. यानं सगळं अडवलं आणि एकदा पाय घसरला तर सगळं खापर याच्यावर. चौदा वर्षांचं पोर आहे. एवढं कसं सोसेल?

मी: ही भीती खोटी नाही. कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार माहीत आहे? १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेविरुद्ध चेंडू अडवायला गेला आणि तो स्वतःच्याच गोलात गेला. दहा दिवसांनी मायदेशी त्याला गोळ्या घातल्या.

मामा: आणि हे सांगून तू मला पोराला पाठव म्हणतेस?

मी: लपवून पाठवा म्हणणं वाईट झालं असतं. माझ्याकडच्या मुलांना मी एक सवय लावते. गोल बसला की सगळ्यांत आधी स्टॉपरनं बोलायचं. चूक कुणाचीही असो, त्याची स्वतःची असली तरी. जागा कुठली सुटली ते दोन शब्दांत सांगायचं आणि चेंडू मध्यावर न्यायचा. मान खाली घालून उभं राहायला वेळच मिळू द्यायचा नाही. मुलं शिकतात ते, मामा. मोठी माणसं शिकत नाहीत तेवढं लवकर शिकतात.

यावर मामा गप्प झाले. जेवणं झाल्यावर त्यांनी पोटापाण्याचा विषय काढला, आणि तिथे मात्र माझी बाजू लंगडी होती.

मामा: तो तुझा भेके. देशाकडून कधी खेळला पहिल्यांदा?

मी: ५ जून २०१९, थायलंडमध्ये, कुरसाओ संघाविरुद्ध.

मामा: वय?

मी: अठ्ठावीस. बचावपटू उशिरा पिकतो, मामा. पुढच्याला पायांची चपळाई पुरते. मागच्याला खेळ वाचावा लागतो, आणि ते चुका करत करतच येतं. गोलरक्षक आणि स्टॉपर तिशीला आले की खरे शहाणे होतात.

मामा: तोवर तो कुठं होता?

मी: ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी, मग बेंगळुरू. नंतर मुंबई सिटी, आणि २०२४ ला परत बेंगळुरू.

मामा: म्हणजे दोन-तीन वर्षं झाली की नवं गाव, नवी माणसं. आणि जो टिकला त्याची ही गोष्ट. त्याच्याबरोबरची न टिकलेली पोरं कुठं आहेत?

मी: काही रेल्वेत, काही बँकेत, काही मैदानावर शिकवतात. काहींचं मलाही माहीत नाही.

मामा: आणि पुण्यातले क्लब? पुणे सिटीचं काय झालं?

मला सांगावं लागलं. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला होता. मग २०१५ ते २०१९ या काळात पुण्यातला एकेक व्यावसायिक संघ गेला: भारत एफसी एका हंगामात आटोपला, पुणे एफसी बंद झाला, डीएसके शिवाजियन्स गेला, आणि २०१९ मध्ये पुणे सिटी बंद पडून त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. त्याच काळात, १५ सप्टेंबर २०१७ ला, राज्यभर शाळाशाळांतून एका दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा मोठा कार्यक्रम झाला. सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप पुढच्या महिन्यात नवी मुंबईत यायचा होता. शाळांना चेंडू वाटले गेले. चेंडू मुलांपर्यंत पोचवायचे आणि मोठं झाल्यावर खेळायला क्लब ठेवायचा नाही, हा हिशेब मला आजही समजत नाही. गावोगावची ती मुलं आता वीस-बावीस वर्षांची आहेत.

मामा: २०१७ म्हणतेस. त्याच वर्षी आम्ही काय केलं, ठाऊक आहे ना?

मी: संप.

मामा: एप्रिलात या गावच्या ग्रामसभेनं ठरवलं आणि १ जूनपासून दूध, भाजीपाला शहराकडं जायचा थांबला. शेतकऱ्याचं कामही तुझ्या स्टॉपरसारखंच. रोज सकाळी पिशवी दारात आली की तिच्यामागं कुणी राबलंय हे कुणाच्या ध्यानात येत नाही. नाही आली तेव्हा आलं. सरकारला बोलावंच लागलं, त्याच महिन्यात चौतीस हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. सगळ्यांना मिळाली का, वेळेत मिळाली का, ते भांडण वेगळं. पण आमच्या हातात थांबणं होतं. तुझ्या भेकेच्या हातात काय आहे?

मी: (थोडं थांबून) २०२५ मध्ये उलटंच झालं, मामा. जुलैमध्ये आयोजकांनी इंडियन सुपर लीगच थांबवली. त्यांचा फुटबॉल फेडरेशनशी असलेला करार डिसेंबरात संपत होता आणि नवा होत नव्हता. ऑगस्टमध्ये बेंगळुरूनं खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. भेके तेव्हा तिथंच होता.

मामा: मग त्यानं काय केलं?

मी: भारताकडून एका स्पर्धेत खेळायला ताजिकिस्तानला गेला. सप्टेंबरमध्ये ओमानविरुद्ध तिसऱ्या जागेचा सामना पेनल्टींवर गेला, त्यात त्यानं आपली पेनल्टी घातली. भारत जिंकला. नोव्हेंबरात देशातल्या मोठमोठ्या खेळाडूंनी मिळून जाहीर विनवणी केली, आम्हांला खेळू द्या म्हणून. शेवटी १४ फेब्रुवारी २०२६ पासून आखूड स्वरूपात लीग सुरू झाली.

मामा: बघ म्हणजे. आम्ही दूध रोखलं तेव्हा बाजार कासावीस झाला. इथं बाजारच बंद झाला आणि राबणारेच हात जोडून उभे. पिकवणाऱ्याच्या हातात माल तरी असतो. या पोरांच्या हातात तेवढंही नाही. आणि मागं खेळणाऱ्याच्या तर मुळीच नाही, कारण गोल मारणाऱ्यासाठी प्रेक्षक तरी आरडाओरडा करतील.

पुणतांब्यात बसून हे ऐकताना माझ्या लक्षात आलं की मामांचा आक्षेप फुटबॉलवर नाही. अडवणाऱ्याची, राखणाऱ्याची, पुरवणाऱ्याची कदर व्यवस्था करत नाही, हे त्यांना स्वतःच्या बाजारभावातून कळलेलं आहे, आणि नातवानं तसलंच दुसरं काम धरू नये, एवढीच त्यांची इच्छा आहे. ती इच्छा मला चुकीची म्हणता येत नाही. पण मुलाला जे येतं ते सोडून द्यायला सांगणं मला त्याहून मोठी चूक वाटते. त्याला जे येतं ते सहजासहजी कुणाला येत नाही.

मी: गोव्याचे महेश गवळी आणि समीर नाईक, दोघेही स्टॉपर, दोघेही भारताकडून खेळले. गवळी २००३ मध्ये ईस्ट बंगालच्या त्या संघात होते ज्यानं जकार्तात आसियान क्लब करंडक जिंकला. पाय थकले तेव्हा दोघेही शिकवायला लागले. गवळी राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकांत आले, नाईक धेंपो क्लबचे प्रशिक्षक झाले. मागून खेळणाऱ्याला आयुष्यभर अख्खं मैदान समोर दिसलेलं असतं. ते ज्ञान गुडघ्यांबरोबर जात नाही.

मामा: सगळेच गवळी होतील?

मी: नाही होणार. म्हणून शाळा सोडायची नाही. प्रबोधिनीत शाळा असतेच. बारावी, पुढं पदवी. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे...

मामा: ते मला माहीत आहे. त्याला मान्यताप्राप्त स्पर्धेतलं पदक लागतं. आपल्या जिल्ह्यातली पोरं कागद घेऊन खेटे मारताना बघितलीत मी.

मी: मग पदकापर्यंत पोचायचं तर चांगल्या हाताखाली जायला हवं. इथं गावात वर्षाला मोजक्या मॅच मिळतात. स्टॉपरला चुका करायला मॅच लागतात, मामा, भरपूर. त्या पुण्यात मिळतील.

नातू दारातून हे ऐकत उभा होता, त्याला मामांनी आत बोलावलं. तुला काय वाटतं, असं विचारलं. तो नेहमीसारखा गप्प राहिला. मग त्यानं विचारलं की तिथे मला फॉरवर्ड खेळायला लावतील का. मी म्हटलं, लहान वयात सगळ्या जागांवर खेळवतात, पण तुला मागं राहायचं असेल तर सांगता येईल. मागंच, असं म्हणून तो निघून गेला.

मामा: चाचणीला कागद काय काय लागतात?

मी: जन्माचा दाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड. बाकी मी विचारून कळवते.

मामा: जन्माच्या दाखल्यावर नावात काना राहिलाय, तो आधी दुरुस्त करून घ्यावा लागेल. दौंडमार्गे पुण्याला मी स्वतः घेऊन येतो त्याला. निवड झाली तरी लगेच हो म्हणणार नाही. तिथल्या शिक्षकाला भेटेन, जेवण बघेन, आणि गुडघा मोडला तर खर्च कोण करतं ते लेखी मागेन. ते तूच विचारून ठेव आधी.